हातात मावतोय ना, मग राहू दे गं

सगळे मिळून तुझ्या फोनच्या मागे लागलेत म्हणे. नवरा म्हणतो सेलमध्ये नवा घेऊन टाक, लेक म्हणते आई हा म्युझियमला दे, आणि ऑफिसातल्या कुणीतरी तो हातात घेऊन ‘अय्या, किती क्यूट’ म्हटलं. आणि तू रात्री एक वाजता अंथरुणात पडून साडेसहा इंचांच्या फोनांचे फोटो बघत बसतेस. बस कर गं. ते आधी बंद कर, चहा टाक आणि जरा माझं ऐक.

छोटा फोन आवडतो यात लाजण्यासारखं काय आहे? एका हातात डाव असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन उचलता यावा, लोकलमध्ये कडी धरलेली असताना शाळेचा मेसेज वाचता यावा, शिंप्याच्या मागे लागून लावून घेतलेल्या कुर्त्याच्या खिशात तो पडून न जाता राहावा, एवढंच तर तुझं मागणं. कॅरोलाइन क्रियाडो पेरेझ या लेखिकेचं २०१९चं ‘इनव्हिजिबल विमेन’ नावाचं पुस्तक आहे. वस्तूंची मापं पुरुषाच्या देहावरून ठरतात आणि बायकांनी ती चालवून घ्यायची, असा त्याचा विषय. त्यात फोनसुद्धा आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी हसलं तर सांग, हात माझा आहे, माप पण माझंच.

गंमत बघ, २०११ साली सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला तेव्हा ‘हा केवढा’ म्हणून लोक त्याची चेष्टा करायचे. आज ६.१ इंचांचा फोन दुकानदार ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून दाखवतो. सोनीने कॉम्पॅक्ट नावाचे फोन २०१८ नंतर काढले नाहीत, ॲपलचा मिनी २०२० आणि २०२१ अशा दोनच वर्षी आला. खरं सांगू का, यात कंपन्यांनाच शिव्या द्याव्यात असं मला वाटत नाही. छोटे फोन पुरेसे विकले गेले नाहीत. आपण आवडतात म्हणत राहिलो आणि घेताना मोठा घेऊन आलो. शिवाय मोठ्या डब्यात मोठी बॅटरी मावते, तीही खरीच सोय आहे. पण त्याचा अर्थ असा की तुझ्या हातातला २०१९चा गॅलेक्सी एस१०ई, ५.८ इंचांचा, १५० ग्रॅमचा, बाजूच्या बटणावरच बोट ओळखणारा आणि इअरफोनचं भोक अजून शाबूत असलेला, तो गेला की तसाच दुसरा मिळायचा नाही. म्हणून तो जपायचा. हौस म्हणून म्हणत नाही मी, व्यवहार म्हणून म्हणते.

आता तुझी तक्रार. फोन स्लो झालाय, हँग होतो, आणि दुपारी चारला मान टाकतो. बघ, यातलं निम्मं दुखणं बॅटरीचं असतं आणि आपण बोल लावतो फोनला. आतली लिथियमची बॅटरी वापराने झिजतेच, कुणाचीही झिजते. ॲपलच्याच सांगण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्के उरावी अशा हिशेबाने बनवलेली असते. पूर्ण चार्ज म्हणजे आज साठ टक्के वापरलीस, उद्या चाळीस, की झाला एक. रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत ५०० होऊन जातात. तुझ्या फोनने तर ते केव्हाच ओलांडलेत, आणि तरी तो चालतोय, म्हणजे गुणी आहे बिचारा.

बॅटरी थकली की फोनही मंदावू शकतो, हे माझं स्वयंपाकघरातलं ज्ञान समजू नकोस. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आम्ही त्यांचा वेग कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये कबूल केलं. केवढा गदारोळ झाला होता! मग २०१८मध्ये त्यांनी स्वस्तात बॅटऱ्या बदलून दिल्या आणि बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दिसू लागली. ज्यांनी बॅटरी बदलली त्यांचे मंदावलेले फोन पुन्हा पळायला लागले. तोवर कितीजणींनी ‘जुना झाला’ म्हणून नवा घेतला असेल, देव जाणे. माझ्या आयफोन एसईचंही तेच झालं, २०२०चा. बॅटरी बदलली आणि संध्याकाळच्या भाजीच्या वेळेपर्यंत तो टिकू लागला. त्याची बॅटरी मुळातच लहान, त्यामुळे दोन दिवस चालेल अशी आशा मी कधी केलीच नाही. छोटा फोन हवा असेल तर दुपारी एकदा चार्जिंगला लावणं हे मान्य करून टाकायचं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक वायर ठेवून दे, विषय संपला.

तर पहिलं काम बॅटरी. तुझ्या फोनमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ नावाचं ॲप असेल, त्यात बॅटरीची तपासणी करता येते. ‘कमकुवत’ असं काही आलं तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचार की या मॉडेलची बॅटरी मिळते का. ‘मॅडम, त्यापेक्षा नवा घ्या’ हे ऐकायला मिळेल, मनावर घेऊ नकोस. नाहीच मिळाली तर पुण्यात बुधवार पेठ आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, आणि तुझ्या गावातही एखादा शांत डोक्याचा मोबाईलवाला असतोच. ज्याच्या टेबलावर भिंग आणि हीटिंग पॅड दिसेल आणि जो काम करताना तुला समोर उभं राहू देईल, त्याच्याकडे जा.

उभी राहा आणि बघ. तुझ्या फोनची पाठ काचेची आहे आणि ती गोंदाने चिकटवलेली. तो आधी पाठ गरम करेल, मग प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने सरकवत नेईल. इथे घाई करणाऱ्याकडून काच तडकते. आत बॅटरीसुद्धा चिकटवलेली असते. ती उपसायला त्याने लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला तर सरळ थांबव, कारण बॅटरीला भोक पडलं की ती पेटू शकते. नवी बॅटरी बसवायच्या आधी तिच्यावरची तारीख वाच. ओरिजिनल आहे असं तो म्हणेलच, पण २०१९ची तारीख असेल तर ती बॅटरी इतकी वर्षं दुकानात पडून म्हातारी झालेली आहे, ती घेऊन तुला काय उपयोग? तुझ्या फोनची बॅटरी ३१०० एमएएचची आहे. त्याच मापाच्या बॅटरीवर ४५०० लिहिलेलं दिसलं तर हसून परत कर. जागा तेवढीच, मग जास्तीची ताकद आली कुठून? शेवटी पाठ लावताना गोंदाची नवी पट्टी लावायला सांग आणि पावतीवर बॅटरीची वॉरंटी लिहून घे. आणि हे कायम लक्षात ठेव की एकदा उघडलेला फोन पाण्यात चालतो असं समजायचं नाही. तुझा फोन मूळचा आयपी६८ आहे, पाण्यापासून जपलेला. त्याचं ते वरदान इथे संपलं. पावसात बाहेर पडताना प्लास्टिकची पिशवी बरी.

पाण्यावरून आठवलं. माझा आधीचा फोन एकदा भांड्यांच्या टबात पडला आणि मी तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. सगळेच सांगायचे तसं. पुढे चार्जिंग होईना म्हणून दुकानात दाखवायला नेला तर तिथल्या पोराने भोकातून आंबेमोहोराची कणी काढून माझ्या तळहातावर ठेवली! आता ॲपलसुद्धा स्पष्ट सांगतं की ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. फोन बंद कर, भोक खाली करून हलकेच झटक आणि हवेशीर जागी राहू दे. हेअर ड्रायरही नको. आणि चार्जिंगची पिन ढिली झाली असं वाटलं तर दुरुस्तीला धावायच्या आधी भोकात बघ. पर्समधला सगळा कचरा तिथे दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच उकरायचा. सेफ्टी पिन वापरायची नाही, आतल्या बारीक पिना वाकतात. हेही मला त्या पोरानेच सांगितलं, जरा ओशाळूनच.

नवी बॅटरी टिकवायची तर तिला उष्णतेपासून जप. बाहेर ३५ अंशांच्या वर गेलं की बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि आपल्याकडे विदर्भात-मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतसुद्धा त्याहून जास्त असतं. गाडीच्या डॅशबोर्डवर नको, शेगडीशेजारी रेसिपी बघत चार्जिंगला लावलेला नको, उशीखाली तर मुळीच नको. शक्यतो वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवावी असं म्हणतात, आणि तुझ्या फोनमध्ये ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंग्जमध्ये सापडेल. ती चालू कर आणि विसरून जा. टक्के मोजत बसायला तुला वेळ कुठे आहे? फक्त एक, पाठ किंवा स्क्रीन एका बाजूने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न बंद, आणि फोन बंद करून लगेच दुकान.

दुसरं, स्टोरेज फुल. तुझं व्हॉट्सॲप म्हणजे आपल्या आईचा माळा झालाय गं, कुणी काय चढवलं ते कुणालाच ठाऊक नाही आणि उतरवायला कुणी तयार नाही. यात तू एकटी नाहीस. २०१८च्या सुरुवातीला बातमी आली होती की भारतातल्या लोकांचे फोन ‘गुड मॉर्निंग’च्या फोटोंनी भरून जातात हे गुगलच्या लक्षात आलं आणि त्यांनी फाइल्सच्या ॲपमध्ये असले फोटो हुडकून पुसायची सोय केली. जगाच्या नकाशावर आपलं नाव झालं ते असं! तू काय कर, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघड, तिथे ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये सगळ्यात जड गट वरती दिसतात. तुझा पहिला बहुतेक सासरच्या मंडळींचा असेल. व्हिडिओ पुसून टाक, बाळाचे फोटो तेवढे ठेव. मग त्याच पानावर आपोआप डाउनलोड होणं बंद कर, म्हणजे तू बोट लावल्याशिवाय काही उतरणार नाही. मामेसासऱ्यांना कळत नाही तू काय उघडलंस ते, काळजी नको.

फोनची थोडी जागा कायम रिकामी राहायला हवी, अगदी ठासून भरला की तो प्रत्येक गोष्टीला अडखळतो. महिनोन्‌महिने न उघडलेली ॲप काढ. फेसबुक, खरेदीची दुकानं, ही सगळी ब्राउझरमध्येही उघडतात, त्यांना घरात जागा द्यायला हवीच असं नाही. आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू कर. अक्षरं बारीक वाटतात ही तक्रार मला सांगू नकोस, ती फोनची नाही, चाळिशीची आहे. सेटिंग्जमध्ये अक्षर मोठं आणि ठळक कर. मराठी टाईप करायला तर मी बोटं झिजवतच नाही, कीबोर्डवरचा माइक दाबते आणि बोलते. मध्ये एकदा ‘भाकरी करते’चं ‘नोकरी करते’ झालं आणि नवऱ्याने अभिनंदन पाठवलं, पण एरवी चालतं.

आता गंभीर बोलते, नीट ऐक. बॅटरी बदलता येते, जागा करता येते, पण सॉफ्टवेअरचं वय तुझ्या-माझ्या हातात नसतं. तुझ्या एस१०ईला अँड्रॉइड १२ हे शेवटचं मिळालं आणि २०२३मध्ये सुरक्षेचे अपडेटही थांबले. घाबरू नकोस. प्ले स्टोअर, ब्राउझर आणि बँकेची ॲप अजून अपडेट होतात, त्यामुळे फोन उघडा पडला असं नाही. पण त्याच्या कुंपणाची डागडुजी आता कुणी करत नाही, हेही तितकंच खरं. मग आपण आपल्या वागण्याची डागडुजी करायची. पगाराचं खातं आणि मुदतठेवी असलेलं बँकेचं ॲप या फोनवर नको, ते घरातल्या अपडेट येणाऱ्या फोनवर किंवा थेट बँकेत. यूपीआयला एक वेगळं, लहानसं खातं जोड, ज्यात भाजी-रिक्षापुरतेच पैसे असतील. यूपीआय लाइट वापरत असशील तर त्यात ५,००० रुपयांच्या वर ठेवताच येत नाहीत, ते एक बरं. मात्र फोन बदलताना आधी लाइट बंद करून त्यातली शिल्लक खात्यात परत घे. आणि व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून ‘एपीके’ नावाची फाइल आली तर, सख्ख्या आत्याकडून आली असली तरी, उघडायची नाही. त्या आत्याचा फोन आधीच गेलेला असतो. नवा, महागडा फोन असलेल्यांचेही पैसे याच वाटेने गेलेत.

एखादा हुशार भाचा म्हणेल, काकू, मी कंपनीचं काढून लिनिएज नावाचं बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून देतो, नवं अँड्रॉइड मिळेल. पोरगं खोटं बोलत नाही, होतं तसं. पण असल्या फोनांवर बँकेची आणि पैशांची ॲप कुरकुर करतात, काही चालतच नाहीत. दुसऱ्या फोनवर हौस भागवू दे त्याला. तुझ्या रोजच्या फोनला हात लावू देऊ नकोस.

मग बदलायचा कधी? ज्या दिवशी व्हॉट्सॲप किंवा तुझं पैशांचं ॲप ‘या फोनवर चालणार नाही’ असं सांगेल त्या दिवशी. मे २०२५मध्ये आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लसवर व्हॉट्सॲप बंद झालं तसं. त्याची सूचना आधी येते, धांदल होत नाही. नेटवर्कची चिंता तुला नाहीच, ४जी भरपूर आहे, ५जी नसल्याने तुझं काही अडत नाही. कपाटातला ३जीचा फोन मात्र सासूबाईंना काढून देऊ नकोस. जिओने ३जी कधी आणलंच नाही आणि एअरटेलने २०२०मध्ये ३जी गुंडाळलं.

आणि बदललास तरी सगळ्यात नवा घे असं कुठे आहे? वापरलेला गॅलेक्सी एस२३ बघ, ६.१ इंच, १६८ ग्रॅम, सुरक्षेचे अपडेट २०२८च्या सुरुवातीपर्यंत. आयफोन १३ मिनी मिळाला तर तुझ्या आताच्या फोनपेक्षाही छोटा, आणि २०२५मध्ये आलेलं आयओएस २६ त्यावर चालतं. गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनांना तर सात वर्षं अपडेट द्यायचं कंपन्यांनी कबूल केलंय. वापरलेला घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआयचे १५ आकडे काढ. मग मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून ते आकडे लिही आणि १४४२२ वर पाठव. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं. विकणारा ‘कशाला मॅडम, घरचाच फोन आहे’ म्हणाला तर दुप्पट काळजीने पाठव.

पण ते पुढचं पुढे. या आठवड्यात बॅटरी. शनिवारी संध्याकाळी जाऊ नकोस, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि कारागीर घाईत असतो. अर्ध्या दिवसाची रजा टाक, सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या जा. आदल्या रात्री फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घे. सिम आणि मेमरी कार्ड काढून पाकिटात ठेव. आणि काउंटरवरचा मुलगा पावतीवर नऊ टिंबं काढून ‘मॅडम, पॅटर्न सांगा’ म्हणेल, सगळ्यांनाच विचारतात ते, आणि सगळ्याजणी मुकाट्याने काढून देतात. तू गोड हसायचं आणि म्हणायचं, बॅटरी बदलायला पॅटर्न लागत नाही दादा, चालू करून बघायचा असेल तेव्हा मीच उघडून देते, मी इथेच उभी आहे.